मामांची उजळणी

हैदराबाद शहरातल्या पाट्यांवर इंग्रजीच्या चुका आहेत तोवर माझ्या बायकोच्या मामांना मरण नाही, असं आमच्या नात्यात सगळेच मानतात. जामबागेतल्या एका जुन्या शाळेत त्यांनी अडतीस वर्षं आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवलं. निवृत्त होऊन वीस वर्षं होत आली, पण शाळा सुटली ती फक्त मस्टरवरून. सदऱ्याच्या खिशात तांबडी पेन्सिल अजून असते आणि ती कुणावर उठेल याचा नेम नाही. एका भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यांनी चुका दुरुस्त करून वधूपित्याला परत पाठवली होती. खाली 'दहापैकी सात, अक्षर सुबक' असा शेरा होता. आबिड्सकडे एका मिठाईवाल्याने पाटीवर 'स्वीट'च्या जागी घामाचा इंग्रजी शब्द रंगवून घेतला होता. मामा तीन दिवस रोज संध्याकाळी दुकानात जाऊन अत्यंत अदबीने "आज का पसीना ताजा है क्या?" असं विचारत राहिले. चौथ्या दिवशी मालकाने रंगारी बोलावला.

त्यांच्या घरात शिरायचं तर उंबऱ्यावर एक शब्द सोडवावा लागतो. लग्नानंतर पहिल्यांदा मी पेढ्यांचा पुडा घेऊन गेलो तेव्हा मामा दारात आडवे उभे होते. नमस्कार नाही, या-बसा नाही. "जावईबापू, 'हेझिटेट' म्हणजे काय?" मी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा बायकोकडे, तोंड उघडलं, मिटलं. "बरोबर," मामा म्हणाले, "आत या." भाषांची वाटणीही त्यांनी कायमची करून टाकली आहे. रागवायला उर्दू, भाजीचा भाव करायला तेलुगू आणि घरातलं सुखदुःख मराठीत. इंग्रजीत मात्र रागवायचं नाही. "रागात चुका होतात," ते म्हणतात, "आणि आपल्याच तोंडची चूक ऐकून राग वाढतो."

शब्दांच्या याद्या पाठ करणं त्यांना मंजूर नाही. शब्द बाजारात जाऊन दाखवावा लागतो. 'रिलक्टंट' शिकवायला त्यांनी माझ्या दोन मेहुण्यांना अफझलगंजला नेलं होतं आणि दोरीने ओढून नेला जाणारा, चारही पाय रोवून उभा राहिलेला एक बोकड दाखवला होता. मेहुणे आता पन्नाशीला आलेत. एक दुबईला असतो, एक वकील आहे. दोघंही बाकी सगळं विसरलेत, तो शब्द विसरलेले नाहीत. धड्यातल्या माणसांशी तर मामांचे घरोब्याचे संबंध असतात. दहावीच्या पुस्तकात एका नावाड्याची गोष्ट आहे. तो पुराच्या दिवशी पोरीला एकटीला पलीकडे पाठवतो. तो परिच्छेद आला की मामा पुस्तक मिटतात, येरझाऱ्या घालतात आणि मामींना आतून ओरडून सांगावं लागतं, "अहो, पुढे पोचते ती. तुम्हाला माहीत आहे, पोरांना तरी सांगा."

आणि वाचायचं ते फक्त मामांनी. वर्गात पोरांकडून वाचून घ्यायची पद्धत त्यांना सोसत नसे. चांगलं गद्य कच्च्या तोंडी गेलं की नासतं, असं त्यांचं मत. आवाज भरदार, त्यात दर स्वल्पविरामाला छत्रीचं टोक जमिनीवर टेकायचं. ऐकणाऱ्याला वाटावं, धडा याच्याच घरात घडला आहे. मामांचा सगळ्यात मोठा गुण कोणता, असं कुणी मला दोन वर्षांपूर्वी विचारलं असतं तर मी बेलाशक सांगितलं असतं, त्यांचं वाचन. तोच गुण आमच्यावर कसा उलटला, ते आता सांगतो.

माझी मुलगी मुक्ता तेव्हा दहावीला होती. गणितात हुशार, बोलायला चुणचुणीत, पण भाषांचं आणि तिचं काही जमत नव्हतं. त्याला आमच्याकडे कारणं तयार होती. तेलुगूत कमी पडले की आम्ही म्हणायचो, आपली भाषा नाही ती. हिंदीत कमी पडले की म्हणायचो, घराबाहेर दखनी बोलून बोलून बिघडली. मराठी तिला वाचता येत नव्हती, पण इथल्या आमच्या मराठी घरांमधल्या निम्म्या पोरांना ती वाचता येत नाही, त्यामुळे त्यात कुणाला वैगुण्य दिसलंच नाही. राहिली इंग्रजी. जानेवारीत प्रीफायनलचा, म्हणजे बोर्डाआधीच्या सराव परीक्षेचा, निकाल आला आणि इंग्रजीत ऐंशीपैकी एकोणीस. पास व्हायला अठ्ठावीस लागतात. पेपर घरी आणला तर अर्धी पानं कोरी होती. मी तिला आळशी म्हणालो, आणखीही बरंच म्हणालो, मोबाइल काढून घेतला आणि दुसऱ्या दिवशी तिला मामांच्या दारात नेऊन उभी केली.

मामांनी कुठलाही शब्द न विचारता तिला आत घेतलं. परिस्थिती गंभीर आहे हे मला तेव्हाच कळलं.

रोज संध्याकाळी पाच ते सात, त्यांच्या गच्चीवर उजळणी सुरू झाली. मामा वाचायचे, ती ऐकायची. मामा विचारायचे, ती सांगायची. आठवड्याभरात तिला नावाड्याचा धडा असा येऊ लागला की मामांच्या छत्रीची टकटकसुद्धा तिच्या बोलण्यात ऐकू यायची. दोनशे शब्दांचे अर्थ, उलट अर्थ, वाक्यात उपयोग, सगळं जिभेवर. मामा खूश होते. "जावईबापू, पोरगी अव्वल आहे," ते मला सांगायचे. "शाळेत कुणाला बसवलंय कोण जाणे. ह्या पोरीला एकोणीस देणाऱ्याला मी भेटणार आहे." मीही मनातल्या मनात शाळेला दोष द्यायला लागलो. कारण सापडलं की माणसाला किती बरं वाटतं.

फेब्रुवारीच्या मध्यावर एका संध्याकाळी मी ऑफिसातून परस्पर तिला न्यायला गेलो. मामांच्या चष्म्याची काडी मोडली होती आणि चष्मा दुरुस्तीला गेला होता. चष्म्याशिवाय त्यांना पुस्तक दिसत नाही. तेव्हा नाइलाजाने, आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच, त्यांनी पुस्तक समोरच्या विद्यार्थ्याच्या हातात दिलं. "नावाड्याचा धडा काढ. तूच वाच आज."

मुक्ताने पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. न अडखळता, योग्य जागी थांबत. मामा डोळे मिटून ऐकत होते. मी तिच्या मागे उभा होतो, सहज पुस्तकात डोकावलो. पानावर नावाडी नव्हता. पानावर व्याकरणाचा तक्ता होता.

माझ्या श्वासात काहीतरी चुकलं असावं, कारण मामांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. चष्मा नसला तरी तक्त्याच्या चौकटी तेवढ्या त्यांना दिसल्या असाव्यात. त्यांनी पुस्तक हळूच तिच्या हातातून घेतलं, बाजूला पडलेलं इंग्रजी वर्तमानपत्र उचललं आणि तिच्या मांडीवर ठेवलं. "ह्यातलं वाच बेटा. कुठलंही."

मुक्ताने कागदावर बोट ठेवलं. खालच्या गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती. तिने पहिला शब्द उच्चारला. दुसरा उच्चारला. तिसऱ्यावर बोट थांबलं ते थांबलंच. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता. मामा वाट पाहत होते. मी इतकी वाट पाहताना त्यांना कधी बघितलं नव्हतं.

"आजोबा, अक्षरं ओळखू येतात," अखेर ती खाली बघत म्हणाली. "पण त्यांचा शब्द होईपर्यंत मागचं विसरतं. एक ओळ वाचायला मला दोन मिनिटं लागतात. तोवर वर्ग पुढे गेलेला असतो."

"मग आजवर कसं केलंस?"

"ऐकून. टीचर वर्गात वाचतात ते लक्षात ठेवते. मैत्रीण मोठ्याने अभ्यास करते, तिच्याजवळ बसते. ओळखीचा प्रश्न आला की लिहिते. अनसीन पॅसेज सोडून देते."

"कुणाला सांगितलं नाहीस?"

तिने मान हलवली. "मला वाटलं सगळ्यांनाच एवढा वेळ लागतो. मग वाटलं, मी आळशी आहे. बाबा पण तेच म्हणाले."

मला तिथे उभं राहवेना, म्हणून मी कठड्यापाशी गेलो. सात वाजले, मामी चहा घेऊन वर आल्या, चहा निवला. निघताना मामा जिन्यापर्यंत आले आणि मला म्हणाले, "पाच आठवडे पोरगी माझ्यासमोर बसली होती. मी माझाच आवाज ऐकत बसलो." बाकी काही नाही. मामींनी दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं की रात्री ते जेवले नाहीत.

परीक्षेला दोन-तीन महिने असते तर गोष्ट वेगळी होती. तेहेतीस दिवस होते. सकाळी सात वाजता मामा छत्री घेऊन आमच्या दारात हजर. "उठा जावईबापू. दवाखान्यात जायचंय." वाचण्याची अशी अडचण असलेल्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत जास्त वेळ मिळतो, प्रश्नपत्रिका वाचून दाखवायला माणूस मिळतो, एवढं त्यांनी कुठल्या तरी जुन्या सहकाऱ्याला फोन करून काढलं होतं. त्यासाठी सरकारी इस्पितळाचं प्रमाणपत्र, शाळेचं पत्र आणि वरच्या कार्यालयाची मंजुरी लागत होती. इस्पितळात आमच्या चार खेपा झाल्या. पहिल्या दिवशी डॉक्टर रजेवर, दुसऱ्या दिवशी भलत्याच रांगेत उभे राहिलो, तिसऱ्या दिवशी तपासणीला दोन तास लागले आणि चौथ्या दिवशी कागद हातात आला. त्या चारही दिवसांत भिंतीवरच्या एकाही सूचनेला मामांनी पेन्सिल लावली नाही. एका फलकावर तर 'पेशंट'चं स्पेलिंग असं होतं की मलाही खटकलं. मी हळूच त्यांना दाखवलं. "नंतर," ते म्हणाले.

खरी धास्ती शाळेची होती. त्याच्या दोन वर्षं आधी वार्षिक समारंभाला आले असताना मामांनी मुक्ताच्या शाळेचा सूचनाफलक वरून खालपर्यंत तांबडा करून ठेवला होता. मुख्याध्यापिकाबाईंनी मला बोलावून बजावलं होतं की ह्या गृहस्थांना पुन्हा आणू नका. आता त्यांनाच जायचं होतं, कारण अर्जात मुलीला शिकवणाऱ्या शिक्षकाचं म्हणणं जोडलं तर वजन पडेल, असं डॉक्टर म्हणाले होते. मामांनी ते पत्र सहा वेळा लिहिलं. ज्या माणसाने लोकांच्या पत्रिकांना गुण दिले, तो एका पानासाठी दोन दिवस बसला.

बाईंनी पत्र वाचलं. मामा उभेच होते; खुर्ची समोर होती, पण कुणी बसा म्हटलं नव्हतं. "मुदत संपून आठवडा झाला," बाई म्हणाल्या. "आता पाठवलं तरी मंजूर होईल की नाही, मी सांगू शकत नाही. आणि सर, दहा वर्षं मुलगी ह्याच शाळेत आहे. आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, असं लिहून द्यायचं का आम्ही?"

मला वाटलं, आता उर्दू सुरू होणार. मामा मराठीतच बोलले, अगदी हळू. "बाई, तुमच्या नका लिहू. माझ्या लक्षात आलं नाही असं लिहा. मी तिला रोज दोन तास शिकवत होतो. तेवढं खरं आहे, तेवढंच लिहा."

बाईंनी शिक्का मागवला आणि म्हणाल्या, "बसा, सर."

बाहेर येऊन बसस्टॉपपर्यंत पोचलो, तेव्हा मामा एकदम थांबले. स्वतःच्या पत्राची प्रत हातात होती. "दुसऱ्या ओळीत 'रिसीव्ह'चं स्पेलिंग चुकलंय." मी म्हणालो, परत जाऊन दुरुस्त करू या. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला. "राहू दे. बस येईल."

मंजुरीची वाट बघत उजळणी चालू होती, पण ती आता ओळखू येत नव्हती. छत्री कोपऱ्यात गेली होती. मामा परातीत रवा पसरायचे आणि मुक्ता त्यात बोटाने एकेक शब्द काढायची, मोठ्याने म्हणायची, पुसायची, पुन्हा काढायची. मामी म्हणाल्या, "शिऱ्याला रवा उरला नाही घरात." मामा म्हणाले, "शिरा निकालाला." दिवसाला सहा शब्द, कधी चारच. ती वाचायची आणि मामा ऐकायचे. कच्च्या तोंडी गेलेलं गद्य, एका ओळीला दोन मिनिटं, आणि मामा हनुवटीखाली हात घेऊन बसलेले. मध्येच त्यांचे ओठ पुढचा शब्द सांगायला हलायचे आणि ते तळहाताने तोंड झाकून घ्यायचे. मीही त्या दिवसांत एकदा मुक्ताजवळ बसून तिची माफी मागितली. ती म्हणाली, "हौ बाबा, ठीक आहे," आणि परातीत बोट घालून पुढचा शब्द काढायला लागली.

मार्च उजाडला, हॉल तिकीट आलं, मंजुरी आली नाही. मामा रोज अकरा वाजता शाळेला फोन करायचे. बाई स्वतः घ्यायच्या, नाही म्हणायच्या. पहिल्या दोन भाषांचे पेपर ती तशीच देऊन आली. पास होण्यापुरतं झालंय, म्हणाली, पण तिचा चेहरा उतरलेला होता. इंग्रजीच्या आदल्या दिवशी दुपारी तीनपर्यंत फोन वाजला नाही. मुक्ता परात घेऊन बसली होती, पण रव्यात काही काढत नव्हती. सव्वातीनला माझ्या मोबाइलवर बाई बोलल्या: मंजुरी आली आहे, तास जास्त मिळेल, वाचून दाखवायला एक शिक्षिका असेल, सकाळी अर्धा तास लवकर या. मी मामांना सांगितलं. ते आत गेले आणि बराच वेळ न्हाणीघरातून पाण्याचा आवाज येत राहिला.

दुसऱ्या दिवशी परीक्षाकेंद्राच्या फाटकासमोर मामा साडेआठपासून उभे होते. बाकीची मुलं सुटली, रस्ता रिकामा झाला, एकटी मुक्ता आत होती. ती बाहेर आली, पॅड छातीशी धरलेलं. "अनसीन पॅसेज त्या टीचरनी वाचून दाखवला," ती म्हणाली, "पण दुसऱ्यांदा मीच वाचला, आजोबा. अर्धा वाचला."

निकालात तिला इंग्रजीत ऐंशीपैकी बेचाळीस मिळाले. मामींनी शिरा केला. शिऱ्याचा पहिला घास घेता घेता मामा मला म्हणाले, "स्कूटर आहे ना खाली? मला अफझलगंजला सोडा जरा."

तिथे एका बोळात नटबोल्ट आणि कडीकोयंड्यांचं दुकान आहे. गल्ल्यावर पन्नाशीचा, मेंदी लावलेल्या दाढीचा माणूस होता. मामांना बघताच तो धडपडत उठला. "अरे सर, आप? बैठो ना. ए, चाय बोलो." मामा बसले नाहीत. त्यांनी शाळेतलं त्याचं नाव पूर्ण उच्चारलं आणि उर्दूत म्हणाले, "नववीत मी तुला वर्गाबाहेर उभं करायचो. धड्याखालची उत्तरं लिही म्हटलं की वही कोरी ठेवायचास म्हणून. याद आहे?"

तो हसला. "हौ सर. अच्छा था. बाहर हवा अच्छी आती थी."

"तुला वाचायला येत नव्हतं. तू हट्टी नव्हतास. मला समजलं नाही."

तो माणूस समोरच्या पेटीतले स्क्रू उगाच सारखे करत राहिला. "मेरे को भी कहाँ मालूम था, सर," तो म्हणाला. "मैं समझा, मैं गधा हूँ." मग त्याने सांगितलं की आलेली बिलं आता त्याची मुलगी वाचून दाखवते, फार्मसीला आहे ती. चहा आला. मामांनी बशीत ओतून प्यायला. निघताना त्याने मामांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि मामांनी तो लगेच सोडवला नाही.

अशी अकरा नावं त्यांना आठवली आहेत. त्यातली दोन माणसं आता नाहीत. बाकीच्यांकडे आम्ही एकेक करून जातो. बहुतेकांना काही आठवत नसतं, एकाने तर दार पुरतं उघडलंही नाही. पण त्या पहिल्या दिवशी परतताना पुतलीबावलीच्या चौकात आम्ही सिग्नलला अडकलो होतो. दिवा हिरवा व्हायच्या आधी मागे बसलेले मामा माझ्या खांद्याजवळ वाकले.

"बाहेर हवा चांगली यायची म्हणाला," ते म्हणाले. "खोटं बोलला. त्या व्हरांड्यात दुपारभर ऊन असायचं."